‘दलितमित्र’ होण्यास नकार



१९८५ साली महाराष्ट्र शासनाने नाशिकच्या शांताबाई दाणी यांना ‘दलितमित्र’ पुरस्कार देऊ केला आणि शांताबाईंनी तो नाकारला. शासनाच्या पुरस्काराचे त्यांना वावडे होते असे नव्हे. दोनच वर्षांनी, १९८७ साली, सावित्रीबाई फुले यांच्या नावाचा शासनाचाच पुरस्कार त्यांना मिळाला. अडचण होती ती ‘मित्र’ या शब्दाची. जी स्वतःच दलित आहे, तिने दलितांसाठी काही केले तर त्यात मैत्रीचा, उपकाराचा किंवा थोरवीचा प्रश्न येतो कोठे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे शासनानेही या पुरस्काराचे नाव बदलून तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावे ‘समाजभूषण’ केला. नाव बदलण्यास इतकी वर्षे लागली, यातच आपल्या समाजसेवेच्या कल्पनेचा बराचसा इतिहास दडलेला आहे.

मित्र म्हणजे शेजारी उभा राहणारा, पण वेगळा. तो आपल्या घरातून निघतो, दुसऱ्याच्या दारी येतो, मदत करतो. त्याला परत जाण्यासाठी स्वतःचे घर असते. महाराष्ट्रात सार्वजनिक सेवेची जी थोर परंपरा निर्माण झाली, ती बहुतांशी अशा मित्रांची परंपरा आहे. नामदार गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला; पुढच्याच वर्षी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला व पुढे कोसबाडला गेल्या, गोदावरी परुळेकर ठाणे जिल्ह्यातील वारल्यांत गेल्या, बाबा आमटे वरोड्याच्या माळरानावर गेले. या सर्वांपुढे मस्तक नम्र व्हावे असेच त्यांचे कार्य आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु या गौरवगाथा आपण कशा सांगतो ते पाहण्यासारखे आहे. त्यांतील मुख्य क्रियापद नेहमी ‘गेले’ हे असते. कार्यकर्ता किती दूर गेला, किती सोडून गेला, यावर त्याच्या त्यागाचे माप ठरते. मग जी व्यक्ती कोठेच गेली नाही, ज्या वस्तीच्या दुःखात जन्मली त्याच वस्तीत राबली, तिचा त्याग कोणत्या मापाने मोजावयाचा? तिने सोडले काय, असा प्रश्न मध्यमवर्गीय मनाला पडतो आणि बहुधा तो तेथेच संपतो.

शांताबाईंचा जन्म पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास नाशिकमध्ये, तत्कालीन महार समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. नाशिक हे तीर्थक्षेत्र. दर बारा वर्षांनी सिंहस्थाला देशभरातून येणाऱ्या साधूंसाठी गोदावरीचे घाट मोकळे होत. पण गावच्याच अस्पृश्यांना पंचवटीतील काळारामाचे दार बंद होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा शांताबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. दांडीयात्रा निघण्यापूर्वीचे हे दहा दिवस आहेत, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसे सांगितले जात नाही. मंदिराचे सर्व दरवाजे बंद करण्यात आले. पुरुषांबरोबर स्त्रियाही त्या बंद दरवाजांसमोर बसल्या. ९ एप्रिलला, रामनवमीच्या उत्सवात, रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. सत्याग्रहाचा भार वाहणारे भाऊराव उर्फ दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे, म्हणजे याच जिल्ह्याच्या मातीतले. पाच वर्षे दार उघडले नाही.

या लढ्याच्या अखेरीची एक गोष्ट महत्त्वाची आहे. ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह थांबवावा असे स्पष्ट सुचविले. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा देवदर्शनाने त्यांचा उद्धार होईल म्हणून हा लढा नव्हता. समाजात चैतन्य यावे आणि त्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता, आणि ते कार्य झाले आहे. आता शक्ती शिक्षणात आणि राजकारणात लावावी, असा त्या पत्राचा आशय आहे. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. येवल्याच्या घोषणेवर ग्रंथ लिहिले गेले. शिक्षणात शक्ती लावण्याच्या त्या साध्या सूचनेचे काय झाले, हे मात्र शोधावयाचे तर ग्रंथालयात जाऊन भागत नाही. वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत डोकवावे लागते. शांताबाईंचे आयुष्य या दुसऱ्या बाजूला गेले.

वसतिगृह हा शब्द आज अगदी किरकोळ वाटतो. परंतु त्या काळाची शिक्षणव्यवस्था डोळ्यांपुढे आणावी. खेड्यात चौथीपर्यंतची शाळा, तीही असली तर. पुढचे शिक्षण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तेथे अस्पृश्याला भाड्याने खोली मिळत नसे, खानावळीत पानावर बसता येत नसे, सार्वजनिक पाणवठ्यावर घागर भरता येत नसे. म्हणजे शाळेचे दार कायद्याने उघडे असूनही, शाळेच्या गावात रात्री पाठ टेकण्यास जागा नाही म्हणून शिक्षण बंद. मुलाच्या बाबतीत आप्ताच्या ओट्यावर भागून जाई. मुलीच्या बाबतीत आई-बाप तो विचारही करीत नसत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? १९४२ साली नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची जी परिषद झाली, तिने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा यांच्या जोडीला मुलींसाठी वसतिगृहांची मागणी केली, ती उगाच नव्हे. ज्या स्त्रियांना स्वतःला अक्षर भेटले नव्हते, त्यांना मुलीच्या शिक्षणातील नेमकी अडचण कळत होती.

नाशिकचे रमाबाई आंबेडकर मुलींचे वसतिगृह हे त्या अडचणीचे उत्तर होते आणि शांताबाईंनी ते वर्षानुवर्षे वाहिले. नाशिक रोडच्या तक्षशिला विद्यालयाशीही त्यांचे नाव असेच जोडलेले आहे. वसतिगृह चालविणे म्हणजे काय, हे ज्यांनी चालविले नाही त्यांना समजत नाही. तेथे घोषणा उपयोगी पडत नाहीत. रोज दोन वेळ भाकरी लागते, आणि अनुदान वर्षातून एकदोनदा, तेही रखडत येते. मधल्या महिन्यांत वाण्याची उधारी हाच आधार. तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी रात्र काढावी लागते. परीक्षेच्या तोंडावर बाप मुलीचे लग्न ठरवून तिला नेण्यास दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालावा लागतो. आणि तो बाप परका नसतो, कोणा ना कोणाचा सोयरा असतो. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतील तर नाकारलेल्या प्रत्येक मुलीचे घर ओळखीचे निघते. बाहेरून आलेल्या सेवकाला अशा वेळी नियमावर बोट ठेवता येते. आतल्या माणसाला तो आडोसा मिळत नाही. नियमाने वागावे तर ‘मोठी झाली’ हा टोमणा, आणि नियम वाकवावा तर पक्षपाताचा आरोप.

डॉ. लोहियांनी समाजवादी कार्यकर्त्यांपुढे फावडे, तुरुंग आणि मत ही त्रिसूत्री ठेवली होती. विधायक कार्य, सत्याग्रह आणि निवडणूक यांपैकी एकावाचून दुसरे पांगळे, हा तिचा इत्यर्थ. समाजवाद्यांच्या कित्येक शिबिरांत ही त्रिसूत्री फळ्यावर लिहिली गेली. आचरणात मात्र बहुतेकांनी तिघांपैकी एकच उचलले. शांताबाई लोहियांच्या पक्षाच्या नव्हत्या. त्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या आणि पुढे रिपब्लिकन पक्षाच्या, दादासाहेबांच्या सहकारी. पण त्रिसूत्रीची तिन्ही अंगे त्यांच्या आयुष्यात दिसतात. १९४६ साली फेडरेशनने पुण्यात केलेल्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, शेतमजुराला किमान वेतन द्या, धान्याचे भाव आवरा, बौद्धांना सवलती चालू ठेवा, या त्याच्या मागण्या होत्या. लाखोंनी तुरुंग भरले, आणि शांताबाई त्या लढ्यातही होत्या. १९६८ ते १९७४ या काळात त्या महाराष्ट्र विधान परिषदेच्या सदस्य होत्या. रिपब्लिकन पक्षाने १९६७ साली काँग्रेसशी जो समझोता केला, त्याविषयी तेव्हाही तीव्र मतभेद होते आणि आजही आहेत. संयुक्त महाराष्ट्र समितीत खांद्याला खांदा लावून लढलेल्यांना तो विशेष झोंबला. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. येथे एवढेच पाहावयाचे की आमदारकी आली म्हणून वसतिगृह सुटले नाही, आणि आमदारकी संपली तेव्हा परत येण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

१९९० साली ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचे आत्मकथन आले; भावना भार्गवे यांनी त्याचे शब्दांकन केले. नाव तुकोबांच्या अभंगातील आहे आणि त्या अभंगाचा विषय युद्ध आहे. सेवाव्रती म्हणून गौरवल्या गेलेल्या बाईने आपल्या कहाणीला युद्धाचे नाव द्यावे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २००१ साली त्या गेल्या.

आता या चरित्राचा आजच्या प्रश्नाशी संबंध काय, ते पाहू. शांताबाईंची पिढी गेल्यानंतर स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या माणसांत काम करणारी स्त्री नाहीशी झालेली नाही. उलट ती लाखोंच्या संख्येने उभी आहे, फक्त तिचे नाव पुरस्कारांच्या यादीत नसते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी सेविका आली. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आशा आली. आशा त्याच गावची रहिवासी असावी, अशी योजनेची अटच आहे. म्हणजे शासनाला शांताबाईंच्या जगण्यातील मर्म कळले आहे: गावाची बाळंतपणे, गावाचा क्षय, गावाचे कुपोषण त्या गावच्याच बाईला सर्वांत आधी कळते आणि तिच्याच शब्दावर गाव विश्वास ठेवते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात नाल्यांना पूर येतो, रस्ता बंद होतो, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणचा अधिकारी पोहोचत नाही. पाड्यावरची आशा मुळी तेथेच असते.

परंतु मर्म कळल्यावर शासनाने केले काय? तिला ‘स्वयंसेविका’ म्हटले. अंगणवाडी सेविकेला ‘मानसेवी’ म्हटले. जो शब्द निष्ठेच्या गौरवासाठी जन्मला, तो वेतन टाळण्यासाठी वापरला. पगार नाही, मानधन. बढती नाही, प्रोत्साहन भत्ता. निवृत्तिवेतन नाही, सत्कार. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला, तेव्हा दिल्लीने अभिमानाने छाती फुगविली. आणि २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील याच आशांना संप करून मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडावे लागले, तेव्हा कोठे मार्च २०२४ मध्ये दरमहा ५००० रुपयांची वाढ मंजूर झाली. वाढ झाली, पण शब्द मानधन हाच राहिला. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. योजना सुरू होऊन तेव्हा जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे झाली होती. २०१३ सालच्या भारतीय श्रम परिषदेने योजनाकर्मींना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. त्या परिषदेत सरकार आणि मालकांचे प्रतिनिधीही बसलेले असतात, हे येथे सांगून ठेवले पाहिजे.

स्वयंसेवी संस्थांच्या क्षेत्रात चित्र निराळे आहे, पण समाधानकारक नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे उच्च शिक्षण देणारी संस्था निघाली आणि समाजकार्य हा पदवीचा, पगाराचा व्यवसाय झाला. याबद्दल जुन्या गांधीवादी व समाजवादी मंडळींच्या मनात एक अढी होती आणि अजूनही आहे: पगार घेतला की निष्ठा गेली. ही अढी तपासून पाहिली पाहिजे. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातही आजीव सदस्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद होती. ज्यांच्या घरी शेतीवाडी होती, भावाची नोकरी होती, वडिलार्जित वाडा होता, त्यांना निर्वेतन सेवा परवडली आणि ती नैतिकतेची कसोटी ठरली. ज्या मुलीच्या घरी संध्याकाळची चूल तिच्या कमाईवर पेटते, तिला या कसोटीवर उतरता येत नाही. मग ती ‘नोकरी करते’ आणि दुसरा ‘सेवा करतो’. पगार हा दोष नाही. कोण कोणाच्या प्रश्नावर पगार मिळवितो आणि त्यातील कोणाला किती मिळतो, हा खरा प्रश्न आहे.

२०१३ सालच्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही सांगितले. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती असलेल्या नाशिकला याचा लाभ मिळावा, हे योग्यच. पण या निधीची भाषा प्रकल्पाची असते. दोन-तीन वर्षांची मुदत, त्यात मोजता येतील असे आकडे, अखेरीस छायाचित्रांसह अहवाल. वस्तीतील दुःखाला मुदत नसते. अशा रचनेत संस्थेचा पदवीधर अधिकारी बाहेरून येतो, मुदत संपली की दुसऱ्या प्रकल्पावर जातो. आणि ज्या बाईने त्याला प्रत्येक घराचे दार उघडून दिले, ती सर्वांत कमी पैशांत राबते आणि प्रकल्प गेल्यावर लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यायला एकटी मागे उरते. २०२० साली विदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा निधी देण्यास बंदी झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या शहरी संस्थांना वकील व हिशेबनीस आहेत, त्यांनी मार्ग काढला. त्यांच्याकडून थोडेफार साहाय्य मिळवून चालणाऱ्या वस्तीतल्या लहान मंडळांना तसा मार्ग नव्हता.

शांताबाईंनी ज्या प्रकारचे काम केले, त्या कामाची आजची अवस्था तर अधिकच बोलकी आहे. मागासवर्गीय मुलामुलींसाठी स्वयंसेवी संस्थांनी चालविलेली, समाजकल्याण खात्याचे अनुदान घेणारी दोन हजारांहून अधिक वसतिगृहे महाराष्ट्रात आहेत. त्यांतील पुष्कळशी फुले, शाहू, आंबेडकरांच्या प्रेरणेतून निघालेली. तेथील अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि चौकीदार यांना वेतनश्रेणी नाही. ते मानधनावर आहेत आणि वेतनश्रेणीसाठी त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, उपोषणे केली. त्याच मुलांना शिकविणारा अनुदानित शाळेतील शिक्षक वेतनश्रेणीवर असतो. त्याबद्दल असूया नाही, ती त्याच्या संघटनेने लढून मिळविलेली आहे. पण शिक्षकाची शाळा साडेपाचला सुटते, आणि अधीक्षकाची तेव्हा सुरू होते. मुलीला ताप आला, मुलगा रात्री भिंतीवरून उडी मारून गेला, पाण्याचा टँकर आला नाही, तर जबाबदार कोण? मानधनावरचा माणूस.

‘सेवाभाव’ या शब्दाचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवून शासन मोकळे होते. आणि खेदाची गोष्ट अशी की संस्थाचालकही, ज्यांत आपल्या विचाराचे म्हणविणारे काही आहेत, हाच शब्द वापरून त्याला गप्प बसवितात. अधीक्षकाने वेतनश्रेणी मागितली की शांताबाईंसारख्यांची उदाहरणे त्याला ऐकविली जातात. ज्या बाईने ‘मित्र’ ही पदवीसुद्धा दूर सारली, तिच्या नावाचा याहून विपरीत उपयोग दुसरा नसेल. तिने उपकाराची भाषा नाकारली होती, हक्काची नव्हे. भूमिहीनांच्या सत्याग्रहात किमान वेतनाची मागणी करणाऱ्यांत तीही होती.

पक्षाच्या शाखांनी या बाबतीत करण्याजोगे काम हाताशी आहे. आपापल्या तालुक्यातील अनुदानित वसतिगृहांत जावे, अधीक्षकाला व स्वयंपाकिणीला शेवटचे मानधन कोणत्या महिन्याचे मिळाले ते विचारावे, वाण्याची उधारी किती आहे ते वहीत उतरवून घ्यावे. आशा आणि अंगणवाडी संघटनांच्या मोर्चात पक्षाचे फलक घेऊन पुढे उभे राहण्याऐवजी मागच्या रांगेत बसावे आणि त्यांच्या मागण्यांत वसतिगृह कर्मचाऱ्यांची मागणी कशी जोडता येईल ते त्यांनाच विचारावे. जून महिन्यात वसतिगृहांचे प्रवेश सुरू होतात. त्यापूर्वी नाशिक जिल्ह्यापुरती तरी ही पाहणी पुरी होऊ शकेल.